गेमच्या ‘आयडी’ची खरेदी-विक्री : माल कुणाचा, जोखीम कुणाची?

कापडाच्या धंद्यात आमची तीस वर्षे गेली. सुरतेचा माल, भिवंडीचा माल, मुंबईच्या मूळजी जेठा मार्केटातला माल आम्ही पाहिला, हाताळला आणि विकला. पण ज्याला हात लावता येत नाही, ज्याची बिल्टी येत नाही आणि ज्याचे बिल फाडता येत नाही, असा एक माल आमच्याच दुकानाच्या खात्यावर विकला गेला. आम्हाला ते कळले केव्हा, तर बँकेने खाते अडवल्यावर. तो माल म्हणजे मोबाईलवरच्या गेमची ‘आयडी’.

घडले ते असे. आमचा भाचा सतरा वर्षांचा, बारावीला आहे. तीन वर्षे तो एक बंदुकीचा गेम खेळत होता. परीक्षा जवळ आली तेव्हा गेम सोडायचे त्याने ठरवले. ही गोष्ट चांगलीच झाली. मात्र सोडण्यापूर्वी त्याने आपली आयडी टेलिग्रामवरच्या एका अनोळखी माणसाला १८ हजार रुपयांना विकली. त्याचे स्वतःचे बँक खाते नाही. त्याने आमच्या गल्ल्यावरच्या क्यूआरचा फोटो त्या माणसाला पाठवला, पैसे आले, आणि ‘दोस्ताने उसने परत केले’ असे आमच्या नोकराला सांगून तेवढी रोकड गल्ल्यातून घेतली. वीस-बावीस दिवसांनी सुरतेच्या पार्टीला आम्ही रक्कम पाठवायला गेलो तर ती जाईना. शाखेत विचारले. उत्तर मिळाले की दुसऱ्या राज्यात कुणीतरी सायबर फसवणुकीची तक्रार केली आहे, त्याच्या खात्यातून गेलेला पैसा दोन खाती फिरून तुमच्या खात्यात आला आहे. ईदच्या आधीचा हंगाम, रत्नागिरीच्या बाजारात पाय ठेवायला जागा नाही, आणि आमचे चालू खाते बंद!

भाच्याला समोर बसवले तेव्हा तो म्हणाला, “मामू, आयडी माझी होती. मी कुणाला फसवले नाही. त्याचा पैसा चोरीचा आहे हे मला कसे कळणार?” प्रश्न रास्त होता, आणि त्या दिवशी आमच्याकडे त्याचे उत्तर नव्हते. नंतर आम्ही ह्या बाजाराची चौकशी केली, मोबाईलची दुकाने चालवणाऱ्या दोस्तांना विचारले, चार मुलांशी बोललो. ह्या शहरात, आणि आमच्या अंदाजाने खेड-चिपळूणपासून राजापूरपर्यंत, हा व्यवहार पुष्कळ घरांत आईबापांच्या नकळत चालतो. म्हणून हा लेख.

‘आयडी’ म्हणजे नक्की काय?

गेम खेळणाऱ्याचे कंपनीकडे एक खाते असते, त्यालाच मुले आयडी म्हणतात. त्यात खेळाडूची पातळी, त्याने जमवलेले पोशाख, बंदुकांवरची नक्षी वगैरे असते. ह्या वस्तू गेममधल्या नाण्यांनी घ्यायच्या. बीजीएमआय ह्या गेममध्ये त्या नाण्याला यूसी म्हणतात, फ्री फायरमध्ये डायमंड. नाणी कंपनीकडून खऱ्या रुपयांनी मिळतात. काही पोशाख फक्त ठरावीक दिवसच मिळत होते, आता मिळत नाहीत. जुना वाण संपला की त्याची किंमत वाढते, हे कापडवाल्यांना समजावून सांगायला नको. त्यामुळे एखाद्या जुन्या आयडीला हजारो रुपये द्यायला पोरे तयार होतात.

पण कापडात आणि ह्यात एक मोठा फरक आहे. आम्ही तागा विकला की तो गिऱ्हाइकाचा झाला. त्याने शर्ट शिवावा की पडदे लावावेत, गिरणीमालक विचारायला येत नाही. गेमची आयडी मात्र खेळाडूच्या मालकीची नसतेच. गेम उतरवून घेताना ज्या लांबलचक अटींवर आपण न वाचता ‘मान्य’ म्हणून बोट ठेवतो, त्यांत असे लिहिलेले असते की हे खाते आणि त्यातली नाणी कंपनीची आहेत, खेळाडूला फक्त वापरायची परवानगी आहे, आणि खाते दुसऱ्याला विकता किंवा देता येत नाही. विकल्याचे आढळले तर कंपनी खाते कायमचे बंद करू शकते. भाड्याच्या गाळ्यातला भाडेकरू मालकाला न विचारता पागडी घेऊन दुसऱ्याला आत बसवतो, तशातला हा प्रकार आहे. आपल्याकडे नाही ते विकू नये, हा दंडक आमच्या वाचकांनी लहानपणापासून ऐकलेला आहे. मालाच्या विक्रीचा १९३० चा कायदाही सामान्यतः हेच सांगतो की विकणाऱ्याला जेवढा हक्क, तेवढाच घेणाऱ्याला मिळतो.

त्यातही विकणारा सतरा वर्षांचा! १८७२ च्या करार कायद्यानुसार १८ वर्षांखालील व्यक्ती करारास पात्र नाही, आणि अशा व्यक्तीचा करार मुळातच रद्दबातल असतो हे प्रिव्ही कौन्सिलने १९०३ सालीच सांगून ठेवले आहे. म्हणजे आमच्या भाच्याने जे विकले ते त्याचे नव्हते, विकायचा त्याला अधिकार नव्हता, आणि पैसा मात्र आमच्या नावावर जमा झाला.

एका रात्रीत भाव शून्य

हा माल किती नाजूक आहे ते पाहा. केंद्र सरकारने २ सप्टेंबर २०२० रोजी पब्जीसह ११८ अ‍ॅप बंद केली. ज्यांनी आदल्या महिन्यात हजारो रुपये मोजून पब्जीची आयडी घेतली होती, त्यांच्या हातात काय राहिले? त्याच खेळाचा भारतीय अवतार म्हणून बीजीएमआय जुलै २०२१ मध्ये आला, जुनी खाती त्यात हलवायची सोय काही काळ मिळाली, आणि बाजार पुन्हा भरला. २८ जुलै २०२२ रोजी तोही मोबाईलच्या दुकानांतून, म्हणजे गुगल आणि अ‍ॅपलच्या यादीतून, काढला गेला. तो परतला मे २०२३ मध्ये. फ्री फायरवर १४ फेब्रुवारी २०२२ रोजी बंदी आली. टाळेबंदीत आमचे दुकान बंद होते, पण गोदामातले कापड कापडच राहिले आणि दुकान उघडल्यावर विकले गेले. इथे शटर आणि माल दोन्ही एकदमच जातात.

परदेशातही ह्या व्यवहाराने मोठमोठ्यांना घाम फोडला आहे. ईबेने २००७ च्या जानेवारीत गेममधल्या वस्तूंची विक्री आपल्या बाजारातून काढून टाकली. ब्लिझार्ड ह्या अमेरिकन कंपनीने २०१२ साली आपल्या डायब्लो ३ गेममध्ये खऱ्या पैशांचा लिलाव-बाजार स्वतःच मांडला, आणि खेळाचा रस मारला जातो म्हणून मार्च २०१४ मध्ये स्वतःच तो गुंडाळला. काउंटर-स्ट्राइक गेमच्या चाकू-बंदुकांचा बाजार आजही जोरात आहे. पण ऑक्टोबर २०२५ मध्ये कंपनीने दुर्मीळ चाकू मिळवण्याचा एक नवा मार्ग खुला केला आणि चाकूंचे भाव एका दिवसात कोसळले. गिरणी ज्याची, टंचाईही त्याचीच.

विकलेली आयडी परत कशी जाते?

फसवणुकीचा मुख्य मार्ग हाच आहे, म्हणून तो नीट समजून घ्यावा. आयडी ही फेसबुक, गुगल किंवा मोबाईल क्रमांकाला जोडलेली असते. विकणारा पासवर्ड देतो, घेणारा तो बदलतो आणि आता किल्ली आपल्या खिशात आली असे समजतो. पण पासवर्ड ही फक्त कुलपाची किल्ली, घराचा उतारा नव्हे. ते फेसबुक किंवा गुगल खाते ज्या ईमेलवर आणि ज्या मोबाईल क्रमांकावर मुळात उघडले, ते विकणाऱ्याकडेच राहतात. आठ-पंधरा दिवसांनी तो ‘पासवर्ड विसरलो’ म्हणतो, त्याच्या मोबाईलवर ओटीपी येतो आणि खाते पुन्हा त्याचे होते. जुन्या खरेदीच्या पावत्याही त्याच्याच ईमेलमध्ये असतात, त्या दाखवून तो कंपनीलाही पटवू शकतो. पोरांच्या भाषेत ह्याला ‘पुलबॅक’ म्हणतात. एकच आयडी अशी तीन-चार जणांना विकली जाते. भाच्याने नंतर कबूल केले की दोन वर्षांपूर्वी त्यानेही एक आयडी साडेसहा हजारांना घेतली होती आणि अकराव्या दिवशी ती गेली. घरी मार बसेल म्हणून बोलला नाही.

अशा वेळी फसवणुकीची तक्रार करता येते, करावीही. दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीने वापरणे आणि संगणक-मोबाईलच्या आधारे तोतयेगिरी करून फसवणे हे माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६सी आणि ६६डी खाली गुन्हे आहेत. पण कंपनीकडे गेलात तर ती विचारेल, विकत घ्यायला तुम्हाला सांगितले कुणी?

मग मुले ‘मिडलमॅन’ गाठतात. हा टेलिग्रामवरचा दलाल. आयडी आणि पैसे दोन्ही आपल्याकडे ठेवतो, दोन्हीकडून कमिशन घेतो आणि अदलाबदल करून देतो. दलालाबद्दल आमच्या मनात आकस नाही. आमचा अर्धा धंदा दलालांच्या जबानीवर चालला आहे. पण मूळजी जेठा मार्केटातल्या दलालाची गादी आम्हाला ठाऊक आहे, त्याच्या वालिदांना आमचे वालिद ओळखत होते, आणि त्याने एकदा खोटे केले तर दुसऱ्या दिवशी त्याला मार्केटात कुणी चहा पाजणार नाही. टेलिग्रामवरच्या दलालाचे नाव आणि फोटो कुणीही उचलून, एखादे अक्षर बदलून, तसाच दुसरा दलाल उभा करू शकतो. पैसे गेले की तो तुम्हाला ब्लॉक करतो, बस्स.

स्वस्त यूसी कुठून येते?

मोबाईल-रिचार्जची छोटी दुकाने चालवणाऱ्या बांधवांनी हा भाग लक्ष देऊन वाचावा, कारण आमिष त्यांनाच दाखवले जाते. ‘कंपनीच्या भावापेक्षा चाळीस टक्के कमी दराने यूसी देतो, तुम्ही मुलांना वीस टक्के कमीने विका’ असा प्रस्ताव येतो. आमच्या धंद्यात चाळीस टक्के सूट का मिळते ते आम्ही सांगू शकतो : हंगाम संपला, माल पडून आहे, गोदामाचे भाडे चढते आहे, तुकडे उरले आहेत, कडेला डाग आहे. यूसीला गोदाम नाही, डाग नाही, कटपीस नाही. मग सूट कुणाच्या खिशातून येते? कंपनीची स्वतःची जाहीर योजना असेल तर ती सगळ्यांना गेममध्येच दिसते. दुसऱ्या देशातल्या कमी दराचा फायदा घेणारेही काही असतात, आणि तेही बहुधा कंपनीच्या अटी मोडूनच. बाकी राहतो तो चोरीच्या कार्डावर घेतलेला माल, किंवा खरेदी करून मग ‘ही खरेदी मी केलीच नाही’ म्हणत पैसे परत मागण्याची युक्ती. कार्डाच्या खऱ्या मालकाने तक्रार केली की कंपनीचे पैसे परत जातात, आणि कंपनी ज्या आयडीत ती यूसी गेली तिथून वसूल करते. शिल्लक उणे होते किंवा आयडी बंद पडते. पोरगा मग तुमच्या दुकानात येऊन भांडतो, टेलिग्रामवरच्या माणसाकडे तो जाणार कुठे?

नाणी घ्यायचीच असतील तर गेमच्या आतून, किंवा गुगल प्लेचे रिचार्ज कोड मान्यताप्राप्त मार्गाने घेऊन, छापील किमतीला घ्यावीत. त्यात दुकानदाराला नफा थोडा, पण तो टिकतो. बीजीएमआय किंवा फ्री फायरमध्ये नाणी भरायला खेळाडूचा अंकी क्रमांक पुरतो. पासवर्ड किंवा ओटीपी मागणारा माणूस नाणी भरायला आलेला नाही.

तीन पत्ती आणि रमीसारख्या अ‍ॅपच्या ‘चिप्स’ रोखीने विकण्याचा धंदाही काही ठिकाणी चालतो. हा सरळ जुगार आहे आणि त्याबाबत आमच्या वाचकांना निराळे सांगायला नको. कायद्याच्या बाजूने एवढेच नोंदवतो : पैसे लावून पैसे जिंकण्याच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये संमत केला आणि २२ ऑगस्टला त्याला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली. त्यात पैशात बदलता येणारी नाणी आणि टोकनही डावातच धरली आहेत. असे खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटीपर्यंत दंड, किंवा दोन्हीही होऊ शकतात.

घरातला पैसा

मुलांच्या हातात आईचा मोबाईल आणि मोबाईलमध्ये आईचे खाते, अशी आज घरोघरी परिस्थिती आहे. ज्या घरांत वडील कुवेत-दुबईला आहेत आणि पगार दरमहा आईच्या खात्यात येतो, तिथे तर अधिकच. ऑगस्ट २०२१ मध्ये मुंबईत जोगेश्वरीच्या एका सोळा वर्षांच्या मुलाने गेमची आयडी आणि यूसी घेण्यासाठी आईच्या खात्यातले सुमारे दहा लाख रुपये घालवले. आईबाप रागावल्यावर तो चिठ्ठी लिहून घरातून निघून गेला. पोलिसांनी त्याला अंधेरीच्या महाकाली गुंफांच्या परिसरात शोधून काढले आणि समजूत घालून घरी पोचवले. दहा लाख एका दिवसात जात नाहीत. दर वेळी बँकेचा संदेश आला असेल, पण मोबाईल मुलाच्या हातात असला तर वाचणार कोण? खरेदीसाठी प्ले स्टोअरला वेगळा पासवर्ड लावावा, खर्चाचे संदेश दुसऱ्याही मोबाईलवर येतील अशी व्यवस्था बँकेकडून करून घ्यावी, आणि यूपीआयचा पिन मुलांना सांगू नये. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, हे मुलांनाच नव्हे तर घरातल्या वडीलधाऱ्यांनाही शिकवावे. ‘आयडीचे पैसे पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करून पिन टाक’ म्हणणारा पैसे देत नसून काढून घेत असतो. एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीकडे यूपीआयवर पैशांची मागणी पाठवण्याची सोय १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाली आहे, पण क्यूआरची ही युक्ती अजून चालते.

एवढे सांगूनही कुणी आयडीचा व्यवहार करणारच असेल, तर तो कंपनीच्या नियमाविरुद्ध आहे हे गृहीत धरून करावा. निदान तो समोरासमोर, ओळखीच्या घराशी, मुलांनी नव्हे तर मोठ्या माणसांनी करावा. घेणाऱ्याने केवळ पासवर्डावर समाधान मानू नये. मूळ ईमेल, त्यावरचा मोबाईल क्रमांक आणि पर्यायी ईमेल आपल्यासमोर बदलून घ्यावेत, बाकीच्या सगळ्या मोबाईलवरून खाते बाहेर काढावे आणि निम्मी रक्कम महिनाभर राखून ठेवावी. विकणाऱ्याने आपला रोजचा ईमेल कधीच देऊ नये. घरातल्या बायकांचे फोटो, आधारच्या प्रती, बँकेची पत्रे, सगळे त्याच किल्लीने उघडते. आम्हाला विचाराल तर जी रक्कम बुडाली तरी झोप लागेल, त्यापेक्षा एक रुपयाही अधिक त्यात घालू नये.

खाते अडले तर

आता भाच्याच्या प्रश्नाकडे येतो. समोरच्याचा पैसा चोरीचा आहे हे कळायला मार्ग नव्हता हे खरे. पण रोज आमच्या क्यूआरवर पन्नास अनोळखी माणसे पैसे भरतात, त्यांतलाही एखादा चोरीचा असू शकतो. तेव्हा आमच्याकडे काय असते? बिल असते. अमुक तारखेला, अमुक मीटर कापड, अमुक दर. तक्रार आली तर आम्ही म्हणू शकतो की माल दिला आणि दाम घेतला. ह्या १८ हजारांना आम्ही कोणते बिल दाखवणार होतो? कापडाचे खोटे बिल करा, असे सुचवणारेही भेटले. तसे केले असते तर आम्ही अडकलेले राहिलो नसतो, आरोपी झालो असतो.

आम्ही शाखेतून तक्रारीचा क्रमांक, कुठल्या पोलीस ठाण्याची तक्रार आणि नेमकी किती रक्कम वादात आहे हे लेखी मागून घेतले. हे मागायला संकोच करू नये. मग तपास अधिकाऱ्याला घडला प्रकार खरा तसा लिहून कळवला. सोबत खात्याचा उतारा, जीएसटी नोंदणी, दुकानाचे कागद, आणि भाच्याच्या मोबाईलमधले त्या माणसाशी झालेले संपूर्ण बोलणे जोडले. ते त्याने रागाच्या भरात पुसले नव्हते, हे नशीब! अर्ज एवढाच केला की वादातली रक्कम अडवा, पण बाकीचे खाते खुले करा. नऊ दिवसांनी खाते चालू झाले. १८ हजारांचा निकाल लागायला अडीच महिने गेले. ते मूळ तक्रारदाराला परत गेले, आणि जावेत हेच योग्य, कारण तो बिचारा खरा बुडालेला होता. नऊ दिवसांत सुरतेच्या पार्टीची आमच्याबद्दलची समजूत काय झाली ते मात्र कुठल्याही अर्जाने दुरुस्त होत नाही. ईदनंतरचा माल त्यांनी प्रथमच आगाऊ रक्कम घेऊन पाठवला.

ज्यांचे स्वतःचे पैसे गेले असतील त्यांनी क्षणाचाही विलंब न करता १९३० ह्या क्रमांकावर फोन करावा किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवावी. रक्कम पुढच्या खात्यात असेतोवर अडवता येते, एकदा एटीएममधून रोख निघाली की हात चोळत बसावे लागते. गेमचे पैसे म्हणून लाजू नये.

दुकानात आम्ही आता दोन गोष्टी बदलल्या आहेत. क्यूआरवर पैसे घेऊन गल्ल्यातून रोकड द्यायची नाही, मग समोर गणपतीपुळ्याला निघालेला पर्यटक असो, शेजारचा दुकानदार असो वा घरचा मुलगा. आणि क्यूआरवर आलेल्या प्रत्येक रकमेपुढे संध्याकाळी बिलाचा क्रमांक लिहायचा. पहिल्याच आठवड्यात दोन रकमा बिलाशिवाय निघाल्या. एक नोकराच्या चुलतभावाची होती, दुसरी कुणाची ते अजून लागलेले नाही. ती आम्ही वहीत वेगळी मांडून ठेवली आहे आणि बँकेला तसे लेखी कळवले आहे.